डब्यातला कॅमेरा आणि खाडीतली हाळी

भिवंडीत मोबाईल रिपेअरिंग शिकायचं तर पहिलं हत्यार टाचणी. सोल्डरिंग वगैरे सगळं नंतर. माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार एकच असते, "चार्ज होत नाय." मी फोन हातात घेतो, कपाळाला आठ्या पाडतो, डॉक्टर एक्स-रे बघतो तसा चार्जिंगच्या भोकात बघतो आणि टाचणीनं आतून कापसाचा बोळा बाहेर ओढतो. लूमवर काम करणाऱ्याच्या खिशात फोन असला की महिन्याभरात भोकात एवढं सूत जमतं की रुमाल विणून होईल. गिऱ्हाईक खूश, मी खूश. लोक म्हणतात, पोराच्या हातात जादू आहे. असू दे, म्हणू देत.

या अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, "निलेश, तू सगळ्यांचे आवाज काढतोस, त्यापेक्षा तुझ्या धंद्याबद्दल चार पानं लिहून दे." त्यांचा स्वतःचा आवाज मी फार छान काढतो, पण तो छापता येत नाही म्हणून ते वाचलेत.

आवाज काढायची खोड लहानपणापासूनची. शाळेत हेडसरांचा आवाज काढून मी अख्खा वर्ग एकदा घरी सोडला होता. दुकानातही तेच. गिऱ्हाईक पायरी उतरलं की मी त्याचं बोलणं सुरू करतो. आमचे अन्वरभाई, शेजारच्या शेलार गावात लूमचे मास्टर, ते तर मुद्दाम थांबून स्वतःची नक्कल ऐकतात आणि म्हणतात, "बेटा, मैं इतना नाक से नहीं बोलता." हे वाक्य ते नाकातूनच बोलतात.

पण आज लिहायचंय ते एका डब्याबद्दल. चपातीचा प्लॅस्टिकचा डबा. त्यात मी एक कॅमेरा बसवला, अंधारात माणूस दिसावा म्हणून. तो का बसवला हे सांगायचं तर आधी खाडी सांगावी लागेल.

आमचं गाव खाडीकाठचं. शेतं बरीचशी गोडाऊनवाल्यांकडे गेली, पण बाबांनी होडी सोडली नाही. मासळी भरती-ओहोटीवर चालते आणि पाण्याची वेळ रोज बदलते, त्यामुळे महिन्यातल्या कितीतरी फेऱ्या रात्रीच्याच. रात्री खाडीत कोणी बॅटरी लावत नाही. बॅटरी लावली की उजेडापुरतं दिसतं आणि बाकी सगळं आणखी काळं होतं, शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात. मग अंधारात दोन होड्या एकमेकींना कशा टाळतात? तर आवाजानं. वळणावर आलं, समोर काही वाजलं, की इंजिन बारीक करायचं, वल्हं थांबवायचं आणि हाळी घालायची. आधी नाव, मग वाट. बाबांची होडी इंजिनची आणि बुडाला खोल, त्यामुळे त्यांची हाळी ठरलेली, "ओऽऽ दामू, मधून." म्हणजे मी खाडीच्या मधून येतोय, तू काठ धर. आमच्या शेजारचे हसुराम काका वल्ह्याची छोटी होडी चालवतात. त्यांची हाळी, "ओऽऽ हसुराम, काठानं." एवढंच. एवढ्यावर आजोबा-पणजोबांपासून सगळं निभावत आलं.

मला गावातल्या सगळ्यांच्या हाळ्या येत. बाबांची तर अशी यायची की घरात आई फसायची आणि चहा टाकायची.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा. बाबांना ताप होता आणि जाळं काढायला मी एकटा गेलो होतो. परत येताना ओहोटीचा जोर होता. मधल्या धारेत मला भीती वाटली म्हणून मी होडी काठाकाठानं आणत होतो. तेवढ्यात पुढच्या वळणावर हसुराम काकांची हाळी आली. मी इंजिन बारीक केलं. एकट्यानं होडी आणतोय याचा माज अंगात होता, मजा सुचली. मी बाबांच्या आवाजात उत्तर दिलं, "ओऽऽ दामू, मधून."

आवाज अगदी बरोबर लागला. शेवटचा तो खालचा झोकसुद्धा. मी स्वतःवर खूश होतो. मी मधून येत नाहीये, काठानं येतोय, हे डोक्यातच आलं नाही. नक्कल करणारा माणूस आवाज ऐकतो. शब्द त्याच्यासोबत आपोआप येतात, सायकलच्या कॅरिअरवर बसल्यासारखे.

काकांनी माझ्या शब्दावर काठ धरला. दोन्ही होड्या काठाला एकमेकींवर आल्या. काकांनी आपली होडी उलटू नये म्हणून हात पुढे केला आणि तो दोन कडांच्या मध्ये सापडला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं चेचली. मी ओरडत होतो, काका नाही. ते म्हणाले, "गप. होडी धर आधी."

गावात विचारणाऱ्याला काकांनी एकच सांगितलं, "अंदारात चुकलं." हाळीबद्दल एक शब्द नाही. मीही बोललो नाही. बाबांनासुद्धा हे मी अगदी अलीकडे सांगितलं.

बोटं राहिली, पण ताठ. वल्हं तीन बोटांत धरून काका पुन्हा खाडीत जायला लागले. मला वाटलं, चला, निभावलं. दुकान टाकलं, टाचण्या घेतल्या, नकला चालू झाल्या.

मग काही महिन्यांपूर्वी काकी दुकानात आल्या. बटणांचा फोन होता, त्याचा आवाज गेला होता. मी नेहमीप्रमाणे भोकात डोकावलो.

काकी म्हणाल्या, "फोन र्‍हाऊ दे. तुझ्या काकाला काय तरी सांग. ते हाळी घालत न्हाय आथा."

"म्हणजे?"

"समोरून कोन आलं, हाळी आली, तर हे खुंटाला धरून गप बसून र्‍हातात. तो पुढं जाईस्तवर. उत्तर पन न्हाय देत. परवा एक मोठी होडी अशी घासून गेली, त्याला दिसलंच न्हाय हे बसलेत ते. सात वर्सं चाललंय, मना परवा कललं."

खुंट म्हणजे जाळी बांधायला पाण्यात रोवलेले बांबू. त्या काळोखात, काळ्या पाण्यात, काळ्या खुंटाला धरून एक माणूस तोंड मिटून बसलेला. मी फोनचा स्पीकर बदलून दिला आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

काका आवाजावर विश्वास ठेवत नसतील, तर आवाजाशिवाय दिसायला हवं, एवढा माझा हिशोब. मोबाईलवर मी असे कॅमेरे पाहिले होते जे उजेड बघत नाहीत, ऊब बघतात. प्रत्येक गरम वस्तू अंगातून एक प्रकारचा उजेड सोडते, आपल्या डोळ्याला तो दिसत नाही, त्या कॅमेऱ्याला दिसतो. माणूस पाण्यापेक्षा गरम, म्हणजे अंधारातही तो चमकणार. तयार कॅमेरा आपल्या आवाक्याबाहेरचा. पण त्यातला सेन्सर सुटा मिळतो, शर्टाच्या बटणाएवढा. तो मी मागवला, एका छोट्या बोर्डाला जोडला आणि समोर टच गेलेला एक मोबाईल स्क्रीन म्हणून लावला. चित्र काय येतं? आडवे बत्तीस आणि उभे चोवीस चौकोन, बस. गरम ते पिवळं, थंड ते जांभळं. आईनं बघितलं आणि म्हणाली, "गोधडी छान हाय." पण त्या गोधडीत मी मांजर ओळखलं तेव्हा दुकानात एकटाच नाचलो.

आता पाणी आत जाऊ नये म्हणून डबा. डब्याला भोक आणि भोकावर काच. मोबाईलवाल्याकडे काचेला काय तोटा, मी एक टफन ग्लास कापून ऐटीत चिकटवला. अजिबात बुडबुडा नाही, असा तर मी गिऱ्हाईकालाही लावून देत नाही. आणि चित्र गेलं. सगळी गोधडी एकाच रंगाची. मांजर नाही, आई नाही, पेटवलेला गॅससुद्धा नाही. मी म्हटलं सेन्सर नकली निघाला. दुसरा मागवला. तोही काचेमागे आंधळा. तीन आठवडे मी त्या सेन्सरला शिव्या दिल्या.

उपाय आला अन्वरभाईंबरोबर. सूत आत जाऊ नये म्हणून त्यांनी फोन पिशवीत गुंडाळून आणला होता. लूमवर सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, येतात, त्यांच्यावर जी पातळ, दुधट, कुरकुर वाजणारी पिशवी असते ती. डबा तेव्हा उघडाच टेबलावर होता. अन्वरभाईंनी फोन काढायला पिशवीत हात घातला आणि स्क्रीनवर मला त्यांची पाच बोटं दिसली. पिशवी नव्हतीच जणू.

मी म्हटलं, "भाई, हात मत निकालो."

"क्यों, अंदर बिच्छू है?"

"रुको तो. हिलाओ जरा."

अन्वरभाई पिशवीत बोटं हलवत उभे, मी स्क्रीनला नाक लावून. दारातलं गिऱ्हाईक दोघांकडे बघून परत गेलं.

मग वाचून काढलं तेव्हा कळलं. आपल्याला काच आरपार दिसते, पण उष्णतेला ती भिंत आहे. आणि जी पिशवी आपल्याला धुरकट दिसते, ती उष्णतेला उघडी खिडकी. मी आयुष्यभर काचा विकणारा, मला काचेनंच फसवलं. टफन ग्लास खरवडून काढला आणि कोनाची पिशवी ताणून रबरानं बांधली. अन्वरभाई म्हणाले, "लिख दे इसपे, मेड इन शेलार." बदल्यात ते डबा दोन दिवस लूमवर घेऊन गेले आणि एका मोटरचं बेअरिंग जळायच्या बेतात होतं ते पकडलं. अजूनही शेठला सांगतात की त्यांना वासावरून कळलं.

गावात डब्याची बातमी पसरल्यावर चौकशा यायला लागल्या. एकानं हळूच विचारलं, यात भूत दिसतं का? मी म्हटलं, भूत थंड असेल तर जांभळं दिसेल, पण पाणीही जांभळंच असतं, तेव्हा खाडीतलं भूत सापडणं कठीण. तो विचारात पडून गेला.

हसुराम काकांना दुकानात बोलावलं. ते स्टुलावर बसले, डब्याकडे संशयानं बघत.

"यात काय दिसतं?"

"हात धरा समोर."

त्यांनी उजवा हात धरला. अंगठा पिवळा, दोन बोटं पिवळी. आणि शेवटची दोन बोटं जांभळी. कोणी हातावरून पुसून काढल्यासारखी. चेचलेल्या बोटांत रक्त कमी जातं, ती थंड राहतात. मला माहीत नव्हतं. सात वर्षं त्या माणसाला मी रोज नमस्कार करत होतो आणि त्याची दोन बोटं थंड असतात हे मला माहीत नव्हतं.

काका स्क्रीनकडे बघत म्हणाले, "बरोबर दाखवतोय. थंडीत लय दुखतात. अकलोलीच्या गरम पान्याच्या कुंडात बुडवली का दोन दिस बरी र्‍हातात." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रडतंस कनाला? मशीन चांगली हाय."

पहिल्या फेरीत मशीन काही चांगली ठरली नाही. स्क्रीनचा उजेड एवढा की काका म्हणाले, "यो डबा माझं डोलं मारतोय, फेक त्याला." बरोबर होतं. अंधारात सवयीनं दिसणारं जे थोडंफार होतं, तेही स्क्रीननं घालवलं. मग मी दुकानातले मेलेले फोन उघडले. फोन थरथरतो तो आत एक चिमुकली मोटर असते म्हणून. तसल्या मोटरी काढल्या आणि काकांच्या बसायच्या फळीखाली लावल्या, काही डाव्या अंगाला, काही उजव्या. समोर डावीकडे काही गरम आलं की फळी डावीकडे थरथरणार, उजवीकडे आलं की उजवीकडे. स्क्रीनवर टॉवेल टाकला. बघायचं नाही, बसायचं. काका बसले, मी पुढून हात दाखवला, फळी थरथरली आणि काका दचकून उठले. "गुदगुल्या करतंय रं ह्यो." काकी ओट्यावर पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आणि डब्याच्या मर्यादाही सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणी येऊन भांडेल. माणूस दिसतो तो तीस-चाळीस हातांवरून, तोही एक ठिपका. वल्ह्याच्या होडीला तेवढं पुरतं, वेगातल्या होडीला नाही. खुंट दिसत नाहीत, कारण ते पाण्याएवढेच थंड. मी हे काकांना घाबरत सांगितलं. ते म्हणाले, "उभं हाय ते माझ्या डोक्यात हाय. हालतं ते तुझ्या डब्यात असू दे."

मग अंधाऱ्या पंधरवड्यातल्या एका रात्री आम्ही दोघं निघालो. काका मागे वल्ह्यावर, मी पुढे डबा मांडीवर घेऊन. गावातले दिवे मागे पडले. शेवटी मीच बोललो.

"काका, त्या रात्री बाबा नव्हते होडीत. मीच हाळी घातली होती. बाबांच्या आवाजात."

वल्हं चालूच होतं. "मना ठावं हाय."

"आपटल्यावर कळलं ना?"

"न्हाय. हाळी ऐकली तवाच. तुझा बापूस हाळी घातल्यावर खोकतो. तू खोकला न्हाईस."

"मग तुम्ही काठ का धरलात?"

"आवाज तुझा का बापसाचा, त्याचं काय घ्याचंय? मधून बोललास ना? खाडीत वाट कोन खोटी सांगतं?"

वल्ह्याचं पाणी टपकत होतं. काका पुढे म्हणाले, "त्यानंतर कोनाची हाळी आली का मना वाटायचं, खरी का खोटी? डोकं तिथंच अडकायचं. म्हनून खुंट धरून बसायचो. मी उत्तर दिलं, तर तो वाट बदलनार, मंग मी बदलनार. त्यापरास गप बरं."

मी सात वर्षं समजत होतो की मी दोन बोटं मोडली.

वळण आलं. काका सवयीनं काठाला वळले आणि फळी उजवीकडे थरथरली. मी टॉवेल उचलून बघितलं. एक पिवळा ठिपका, काठाला अगदी चिकटून, जागेवरच थांबलेला. इंजिनचा आवाज नाही, हाळी नाही. आम्ही सरळ त्याच्यावरच चाललो होतो.

"काका, समोर माणूस आहे. काठाला. बसलाय."

काकांनी वल्हं उलटं मारलं. होडी थबकली. "हाळी घाल," ते म्हणाले.

"मी?"

"पुढं कोन बसलाय? तूच ना?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे हाळीच नाही. बाबांची आहे, काकांची आहे, गावातल्या प्रत्येकाची आहे. घशात सगळ्यात पुढे बाबांची उभी होती, तयार. ती गिळली. आणि मग जो आवाज निघाला तो इतका बारीक आणि चिरका होता की मलाच परका वाटला.

"ओऽऽ निलेश. हसुराम काकांच्या होडीतून. आम्ही..." मी मागे बघितलं. काका काही सांगेनात. मी वाट डोक्यात नीट ठरवली, मग बोललो, "आम्ही मधून जातो. तुम्ही काठालाच र्‍हावा."

अंधारातून कोणीतरी खोकलं. मग आवाज आला, "कंचा निलेश?"

बाबा होते. इंजिन बंद पडलं होतं म्हणून होडी काठाला बांधून जाळं आवरत बसले होते. ज्या माणसाचा आवाज काढून मी लहानाचा मोठा झालो, त्यानं मला ओळखलं नाही.

"तुमचाच," मी म्हटलं.

मग बाबा म्हणाले, "आवाज असा हाय तुझा? कवा ऐकला न्हाय."

मागे हसुराम काका हसले. त्यांनी वल्हं मारलं आणि होडी काठ सोडून मधे घेतली. मी सांगितलेल्या वाटेनं. बाबांच्या बाजूनं जाताना दोघं इंजिनबद्दल काहीतरी बोलले, परत येताना दोरी बांधून ओढत न्यायचं ठरलं, आणि आम्ही पुढे निघालो.

पुढचं वळण मोठं आहे, तिथे खुंटांची रांग आहे. मी कान देऊन होतो. आता काका होडी लावतील, खुंट धरतील. वल्हं थांबलं. मी टॉवेल उचलून बघितलं, स्क्रीन पूर्ण जांभळी, ठिपका एकही नाही.

"कोणी नाहीये काका," मी म्हटलं.

"नसू दे," काका म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला आणि सात वर्षांनी हाळी घातली, "ओऽऽ हसुराम, काठानं."